शादियेला गॅस का नको

१८ ऑक्टोबर

शादिये,

नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. तीन वर्षं आपण बोलत नाही, आजही बोलत नाही असंच समज. काम आहे म्हणून लिहितेय. दार वाजवलं तर तू उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस. पण माझी पावाची टोपली खाली नेझीरच्या दुकानाकडे सोडली की ती तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरूनच जाते. तिथे जरा थांबवेन. चिठ्ठी काढून घे आणि टोपली जाऊ दे.

गल्लीत गॅसची नळी आली. सगळ्यांनी कोळशाच्या शेगड्या भंगारात काढल्या. समोरच्या मुफ्तीच्या बायकोने, जी अजून टीव्हीवर कापड झाकून ठेवते, तिनेसुद्धा गॅस मागितला. आणि काल नेझीर पाव टोपलीत ठेवता ठेवता मला खालून ओरडून सांगतो, "मावशी, तुमच्या बहिणीला गॅस नको म्हणे. त्या विजेची शेगडी घेणार."

आख्ख्या गल्लीने ऐकलं.

आता मी विचार करतेय. आपल्या कायसेरीच्या हिशेबी माणसाने स्वस्त सोडून महाग धरलं, तर एक तर त्याचं डोकं फिरलंय, नाहीतर त्याच्या मनात काहीतरी शिजतंय. तुझं डोकं फिरलेलं नाही, ते मला चांगलं माहीत आहे. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

तू मजला विकतेस का? बाबांची बाग कंत्राटदाराला दिली तेव्हा त्याने दोघींना एकेक मजला दिला, तो विकायचा असेल तर आधी मला विचारायचं, एवढं तरी ठरलं होतं. विकायचं घर असेल तर भिंती कोण फोडून घेईल, बरोबर आहे. की मी गॅस जाळायचा, तुझं छत माझ्या उबेने गरम व्हायचं आणि तू खाली आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं? तसं असेल तर ऐक. ऊब वर जाते, खाली येत नाही. तुझं छत ही माझी जमीन आहे. तू खाली गारठून बसलीस तर माझे गुडघे जातील.

कारण काय ते लिही. एक ओळ पुरे.

मुकर्रेम

६ नोव्हेंबर

एक ओळही आली नाही. चिठ्ठी मात्र टोपलीतून गेली. तूच घेतलीस ना, की नेझीरने? तो माणूस दुसऱ्याच्या पिशवीतले अक्रोडसुद्धा मोजतो.

माझ्याकडे गॅस सुरू झाला. स्वयंपाकघराच्या बाल्कनीत भिंतीवर पांढरा बंब लावलाय, खोल्याखोल्यांतून गरम पाण्याने तापणाऱ्या लोखंडी पाख्या. जुनी सिलिंडरवरची चूल तीच ठेवली, फक्त तिची तोंडं बदलून दिली. राख नाही, कोळशाच्या गोण्या नाहीत. सकाळी उठून पाय खाली टाकला तर जमीन बर्फासारखी, ते तुझ्यामुळे. बाकी सगळं चांगलं आहे.

गॅसचा माणूस जाताना चहा प्यायला बसला होता. म्हणाला, "खालच्या मावशींनी मला जिन्यात गाठलं. विचारत होत्या, गॅस गळला तर घंटा वाजते का."

मी म्हटलं, "मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मावशी, तशी यंत्रं मिळतात, पण घंटा कशाला हवी? गॅसला मुद्दाम कुजक्या अंड्याचा वास लावलेला असतो. मेलेला माणूसही उठून खिडकी उघडेल. त्यांनी दार लावून घेतलं."

शाब्बास. म्हणजे वरच्या मजल्यावर मी गॅसने मेले तर तुला आधी कळावं, एवढीच काळजी. घंटा वाजली की तू चपला घालून पळणार. स्वतःच्या घरात गॅस घ्यायचा नाही आणि माझ्या गॅसवर मात्र कान ठेवायचा.

एक परीक्षा घेतली मी तुझी, ते सांगते. हे दोन-चार उबदार दिवस चाललेत ना, पस्तिर्माचा उन्हाळा, त्यात काल मी नवी पस्तिर्मा आणली, मेथीचा जाड लेप देऊन वाळवलेलं मांस, आणि खिडकी सताड उघडी टाकून अंड्यांबरोबर परतली. मुफ्तीची बायको तिच्या खिडकीत आली. नेझीर दुकानाबाहेर आला. शाळेतून घरी जाणारे दोन मास्तर वर बघत गेले. तू पडदासुद्धा हलवला नाहीस.

पूर्वी थोरल्या बहिणीला हाक मारत जिन्याच्या पहिल्या पायरीवरून ओरडायचीस, "आब्ला, आज मेथीचा हात जरा जास्त पडलाय." आणि खरोखर पडलेला असायचा. आता नाकाने कांदे सोलतेस. सोल.

२७ नोव्हेंबर

आज टोपली वर ओढली तर पावाऐवजी झाकलेला वाडगा निघाला. आशुरेची खीर.

मला माहीत आहे, आशुरेच्या महिन्यात भांडलेल्या शेजाऱ्यालाही वाडगा द्यावाच लागतो. म्हणून मी त्याचा वेगळा काही अर्थ काढला नाही. गहू, हरभरे, जर्दाळू, वरती डाळिंबाचे दाणे, सगळं आईसारखं. दिसायला एवढं सुंदर की मी उभ्याउभ्याच चमचा घातला.

करपलेली होती. थोडीथोडकी नाही. तळाचा काळा वास आख्ख्या पातेल्याला लागलेला.

आधी वाटलं, मुद्दाम माझ्यासाठी खरवडून तळाचं काढलं असेल. मग नेझीरला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "सगळ्यांनाच तशी गेलीय मावशी. आम्ही खाल्ली. मुफ्तीकाकूंनी कबुतरांना घातली."

आता हे काय आहे? आई म्हणायची, शादियेचं नाक पातेल्याच्या आधी जागं असतं. गहू तळाला लागायच्या आधी तू अंगणातून धावत यायचीस. तुझ्या हातून आशुरे करपते आणि तुला कळत नाही, हे मी मानायचं? कळत होतं, तरी वाटलीस. आपल्या घराण्याचं नाव गल्लीभर करपवलंस. कशासाठी, ते मला अजून उमगलेलं नाही, पण उमगेल.

तुझ्या अशा वागण्याची मला सवय आहे. आईच्या रुमालाचं विसरले असेन असं समजू नकोस. तिचा डोक्याचा शेवटचा रुमाल, कडेला तिच्याच हातचं सुईकाम, मी न धुता पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. ती गेल्यावर चाळिसाव्या दिवशी डबा उघडून तुझ्या नाकाशी धरला. तू म्हणालीस, "मला कसलाच वास येत नाही." सरळ तोंडावर. तरी मी म्हटलं, लेक तीही आहे, एक रात्र घेऊन जा. आणि दुसऱ्या दिवशी तू तो परत आणलास, धुतलेला, कडक इस्त्री केलेला. साबणाने आईला धुऊन काढलंस तू.

कोण करतं असं? ज्याला विसरायचं असतं तोच करतो.

वाडगा परत पाठवतेय, अक्रोड घालून. रिकामं भांडं परत करायची आपल्यात रीत नाही.

१९ जानेवारी

एर्जियेसचं शिखर आठवडाभर दिसलेलं नाही. नळ गोठलेत. मी दोन मोजे घालून वावरते. माझ्या पाख्या भिंतीवर तापून लाल व्हायच्या बाकी आहेत आणि जमीन मात्र प्रेतासारखी गार. खाली तू फक्त एका खोलीत विजेची शेगडी लावतेस, तीही रात्री बंद करतेस. मला दिसतं. तुझ्या खिडकीचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो. तू कोट घालून बसतेस.

कशासाठी हा छळ? स्वतःचा आणि माझा?

नेझीर सांगत होता, तू दूध घेताना पिशवीवरची तारीख दोनदोनदा वाचतेस, मग त्याला वाचायला लावतेस. तो बिचारा म्हणतो, "चाळीस वर्षांत त्यांनी कधी तारीख बघितली नव्हती, झाकण उघडून हुंगायच्या आणि ठेवायच्या. आता माझ्यावर विश्वास नाही." मी त्याला म्हटलं, विश्वास ठेवण्यासारखं तुझ्यात आहे काय? पण मनात नोंद केली. तू सगळ्यांपासून सावध झालीयस. ज्याच्या मनात काही असतं तोच असा सावध होतो.

आता दुसरी गोष्ट. ती मी लपवणार नाही. काल तुझ्या तुर्गायचा बुर्साहून फोन आला.

"मावशी, आई गॅस का घेत नाही? मी सगळा खर्च देतो म्हटलं, तरी नाही म्हणते. कारण विचारलं तर फोन ठेवते."

मी म्हटलं, "तुझी आई काहीतरी लपवतेय."

"काय लपवतेय?"

"ते कळलं असतं तर तुला सांगितलं नसतं का? करपलेलं खाते, कोट घालून झोपते, कुणाला दारात उभं करत नाही. एकटं ठेवण्यासारखी नाही राहिली ती."

तो म्हणाला, "मी महिनाअखेर येतो. घराला कुलूप लावून तिला इकडे घेऊन येतो."

झालं. आता बस बुर्साला, सुनेच्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात. तिथे गॅस आहे, म्हणे.

मी का सांगितलं असं विचारशील. माझे पाय गोठलेत म्हणून सांगितलं.

३० जानेवारी

शादिये,

काल जे झालं आणि तू जे बोललीस, ते सगळं आज लिहून ठेवतेय. तू शब्द फिरवतेस. उद्या तुर्गाय आल्यावर म्हणशील मी असं बोललेच नाही. मग हा कागद दाखवीन.

दुपारी टोपलीची दोरी तुटली, म्हणून मी स्वतः पावासाठी खाली उतरले. चुलीवर चहाची जोडकिटली ठेवली होती आणि दार नुसतं लोटलेलं होतं. नेझीरने बोलण्यात गुंतवलं. वर यायला लागले तर तुझ्या मजल्यावर तुझं दार उघडं. तीन वर्षांत मी ते उघडं पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, चोर. आणि दुसऱ्याच क्षणाला माझ्या जिन्यावर तो वास आला. कुजक्या अंड्यांचा.

किटली उतू गेली होती आणि खालची आग विझवून बसली होती. गॅस चालू.

आणि तू माझ्या स्वयंपाकघरात, चुलीपुढे उभी होतीस. हातात काड्यापेटी.

मी पाव टाकला आणि तुझ्या हातावर मारलं. काड्या सगळीकडे उडाल्या. चुलीची कळ फिरवली, नळीची फिरवली, दोन्ही खिडक्या उघडल्या, बाल्कनीचं दार उघडलं. बर्फाचा भपका आत आला. आणि तू हात चोळत मला म्हणालीस, "आब्ला, एवढ्या थंडीत खिडक्या कशाला उघडतेस? तुझा चहा विझला होता, म्हटलं लावून ठेवावा."

तेवढ्यावर मला कळलं. इतकी वर्षं मी सगळ्या जगावर संशय घेतला आणि जे नाकासमोर होतं ते काल दिसलं.

मी म्हटलं, "तुला हा वास येत नाहीये?"

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, मग चुलीकडे, मग जमिनीवरच्या काड्यांकडे. मी तुला धरून बाल्कनीत नेलं, स्टुलावर बसवलं.

तू जे बोललीस ते जसंच्या तसं लिहिते.

"चार हिवाळे झाले. आईच्या शेवटच्या आजारात मला ताप आला होता, आठवतं? तो उतरला आणि सगळं गेलं. गुलाबपाणी नाही, कांदा नाही, काही नाही. वाटलं येईल परत. आलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? तुर्गायला? तो दुसऱ्या दिवशी येऊन नेईल मला. एकटी बाई, नाक नाही, घरात आग. कोण राहू देईल? म्हणून तर गॅस नको म्हटलं. विजेला वास नसतो, मला कळला नाही तरी चालतो."

"मला सांगायचंस."

"तुला? तू मला आईच्या चाळिसाव्याच्या दुसऱ्याच दिवशी घराबाहेर काढलंस."

मग मी रुमालाचं विचारलं. एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं, नुसती शिक्षा दिली होती. तू बोलायला लागलीस.

"तू डबा उघडून माझ्या नाकाशी धरलास, मी शोधलं, आब्ला. सापडलं नाही. घरी नेला, तोंडावर घेऊन झोपले. वाटलं, तिचा वास तरी येईल, बाकी जगाचा नाही आला तरी. आख्खी रात्र तोंडावर होता. डोळ्यांतलं काजळ, नाकातलं पाणी, सगळं त्याला लागलं. सकाळी बघितला तर तुला कसा परत देऊ असा झाला होता. म्हणून धुतला."

तू वर कशासाठी आली होतीस तेही मग सांगितलंस, तुर्गायला समजव म्हणायला. आणि सगळ्यात शेवटी, शाल डोक्यावर ओढून घेत, अगदी हळू विचारलंस, "काय वास होता ग तिला?"

तेवढ्यात नेझीर धापा टाकत वर आला, मुफ्तीची बायको आली, सगळे गॅस गॅस करत आले, आणि उत्तर राहून गेलं.

मूर्ख आहेस तू. एक वाक्य बोलली असतीस तर तीन वर्षं वाचली असती. एवढा राग येतोय तुझा की जेवण गेलं नाही. काल मी दोन पायऱ्या जरी उशिरा चढले असते तर आज मी हा कागद कुणाला लिहिला असता?

२ फेब्रुवारी

शादिये,

तुर्गाय गेला. त्याच्याशी मी काय बोलले ते तुला कळायला हवं, म्हणजे आपलं दोघींचं एक राहील.

त्याने आल्याआल्या विचारलं, "मावशी, आई काय लपवत होती, कळलं का?"

मी म्हटलं, "माझं चुकलं. ती काही लपवत नव्हती, रुसली होती. आता समेट झालाय."

"आणि गॅस?"

"तिला दुसरा गॅस कशाला? दिवसभर ती वर माझ्याकडे असते. रात्री झोपायपुरती खाली जाते, तेवढ्याला वीज पुरते. कोळशाच्या काळात आख्खं घर एका शेगडीभोवती बसत नव्हतं का?"

पोरगा आपल्या दोघींच्या बाबांवर गेलाय, पटकन विश्वास ठेवत नाही. मग मी त्याला तुझ्या जागेवर, खिडकीजवळच्या दिवाणावर बसवलं. तिथे उशी होती, तुझी शाल होती, तुझा चष्मा होता. सगळं मी सकाळीच मांडून ठेवलं होतं. शेवटी म्हणाला, "बरं. उन्हाळ्यात बघू."

म्हणजे मी खोटं बोललेय, आणि आता ते खरं करायला तुला रोज वर यावं लागणार आहे. माझ्याकडे दुसरा मार्ग नाही.

जुनी चूल आज भंगारात गेली. नव्या चुलीची आग विझली की गॅस आपोआप बंद होतो. तरीही माझ्या घरात काडी तू ओढायची नाहीस, हे पक्कं. गॅसच्या माणसाला बोलावून दोन घंटा सांगितल्यात, एक वर, एक जिन्यात. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला नाक आहे की." मी म्हटलं, मला पडसं झालं की मलाही नसतं, आणि तू भारी प्रश्न विचारतोस, कुणी पाठवलंय तुला? तुझं गुपित माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. नेझीरला थोडा संशय आहे, पण त्याला मी सांगितलंय की आशुरे तुझ्या पातेल्यामुळे करपली.

दुधाची तारीख आता बघू नकोस. पिशवी वर आण, मी हुंगून देईन.

आता तू विचारलंस ते, आईच्या वासाचं. तीन दिवस आठवतेय, म्हणून उशीर झाला.

वरवर धूर होता. बाहेरचा नाही, शेगडीचं झाकण उचललं की तोंडावर येतो तो. त्याच्या खाली मेथी, कारण पस्तिर्माला लेप लावताना ती हात धुवायच्या आधी कपाळावरून रुमाल मागे सारायची. हिरव्या साबणाचा थोडा. एका टोकाला लवंग, दाढेसाठी बांधून ठेवायची ती. कानाच्या मागच्या जागी दुपारी झोपून उठलेल्या माणसाचा, गरम.

आणि डाव्या बाजूला तुझा होता, शादिये. तुझ्या केसांच्या तेलाचा. शेवटचे महिने तू तिच्या उशाशी डोकं टेकून बसायचीस ना, तो त्या बाजूला पक्का बसला होता. डबा उघडला की मला सगळ्यात आधी तोच यायचा. मला तो आवडत नव्हता. म्हणून तुला कधी सांगितलं नाही.

नवी दोरी बांधलीय. टोपली खाली सोडतेय. चिठ्ठी घे आणि तूही वर ये. पस्तिर्मा परतायला घेतलीय. मेथी जास्त पडली की नाही ते यापुढे मी सांगत जाईन.

तुझी आब्ला